करवती काठाचा टायर

फणसाचा चीक एकदा हाताला लागला, की पुढं ज्याला हात लावाल ते चिकटत जातं. कापूस, भुसा, विडीचं पान, काहीही! आमच्या टायरच्या गोष्टींचंही तसंच झालंय. एक सांगायला घेतली की तिला चिकटून दुसरी येते, आणि घरचे म्हणतात, "झालं! लागला ह्यांचा चीक."

लढाईचे दिवस होते. मलाया जपान्यांनी घेतला आणि रबर यायचं बंद झालं. बेळगावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, पण नवा टायर नजरेला पडेना. लोक ठिगळावर ठिगळ लावून फिरायचे. अशात एक दिवस सुभद्राआक्का आल्या. त्या दवाखान्यात नर्स. सायकलवरून आसपासच्या खेड्यांत जाऊन बाळंतपणं करायच्या. त्यांच्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावत होती.

"दत्तू, मी चालत जाईन रं," त्या म्हणाल्या. "पण मूल काय माझ्यासाठी थांबायचं न्हाय."

हायस्कुलात सायन्स शिकवणारे कडोलकर मास्तर तिथंच पेपर वाचत बसले होते. ते ताडकन उठले. "आक्का, झाडातून चीक निघतो, चिकातून रबर होतं. आपल्याकडं झाडांना काय तोटा? तुमचा टायर मी करतो!"

माझ्या दुकानामागची शेड त्या दिवसापासून फॅक्टरी झाली. विचारलं मात्र मला कुणी नाही.

\*

सुरुवात फणसापासून झाली. मास्तर सकाळी चीक काढायचे आणि तसेच शाळेत जायचे. हेडमास्तरांशी त्यांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. पण टायरची बातमी ऐकून हेडमास्तरांचं मन विरघळलं आणि त्यांनी भर व्हरांड्यात मास्तरांचा हात हातात घेतला.

तो सुटेना!

शिपाई खोबरेल आणायला धावला. तोवर दोघं हातात हात घालून उभे. पोरं वर्गातून बघतायत. शेवटी हेडमास्तर दातओठ खात म्हणाले, "कडोलकर, निदान हसा तरी! भांडतोय असं वाटेल."

\*

पहिला टायर वड आणि फणस यांच्या चिकाचा. गंधक घालून शिजवला, वाळवला, माझ्याच सायकलीला चढवला. किल्ल्यापर्यंत झकास गेलो. उन्हात चहाला उतरलो, सायकल सोडली, तर ती पडलीच नाही. स्टँड न लावता, भर रस्त्यात, ताठ उभी! टायर डांबरासारखा वितळून रस्त्याला चिकटला होता. ओढून काढायला चौघं लागले.

मी तणतणत परत आलो. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. "म्हणजे स्टँडची गरज नाही!"

\*

खरी वस्तू सापडली खानापूरच्या बाजूला. तिथं एका पडीक सरकारी बागेत जांभळ्या फुलांची विलायती वेल माजली होती. तिचा चीक वाळला की ताणायचा आणि सोडला की परत जागेवर यायचा. मास्तर लहान पोरासारखे दिवसभर तो ताणून सोडत बसले. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस खुळा नसावा.

पण जमीन सरकारी, तेव्हा परवाना हवा. मास्तरांनी अर्ज ठोकला. उत्तर आलं: पुण्याहून साहेब येतील. टायर आठ दिवस रोज चालवा. टिकला तर परवाना, नाहीतर वेलीला हात लावायचा नाही.

म्हणजे आठ दिवस टिकला नाही, तर आक्का चालत!

\*

टायरच्या पोटात जाड कापड लागतं. ते विणायला वडगावचे सिद्रामआप्पा आले. आयुष्यभर लुगडी विणलेला माणूस. मास्तरांनी सांगितलं, "साधी पांढरी पट्टी. काही नक्षी नको."

आप्पांनी पट्टी आणली, ती मधोमध करवती काठ घेऊन! जाड दोऱ्यानं उठवलेले दात, एकसारखे. वर मागच्या चाकाच्या पट्टीला पदरसुद्धा!

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "आप्पा, हा काठ कशाला?"

आप्पांना राग आला. "मास्तर, बिनकाठाचं पांढरं व्हय? सुभद्राआक्काचा नवरा रेल्वेत हाय, धडधाकट हाय! सवाष्णीच्या सायकलीला असलं कापड द्यू मी?"

"अहो, वरून चीक बसणार! काळंच दिसणार ते."

"दिसंना का. आत हाय न्हवं!"

दुसरं विणायला वेळ नव्हता. तोच काठ चिकात बुडवला. टायर तयार झाला, तर काठाचे दात वर आलेले. आणि चिखलात सायकल घसरेना! त्या दातांनी वाट धरून ठेवली होती. मास्तर मुकाट्यानं वहीत लिहीत होते, आप्पा मिशीला पीळ देत होते.

आक्कांनी चाक फिरवून पाहिलं. "सायकल नेसवलीय म्हणा की! पदर तेवढा चेनमध्ये अडकू देऊ नका."

\*

आठव्या दिवशी साहेब आले. चिखलधुळीत कधी मोटारीतून उतरत नाहीत, अशी त्यांची ख्याती. बूट आरशासारखे. दहाला सायकल दुकानात हवी होती. सायकल नव्हती! पहाटेच कंग्राळीहून बोलावणं आलं आणि आक्का गेल्या होत्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. "टायर वाटेत फाटला असणार. संपलं सगळं."

आप्पा मात्र रस्त्याकडं बोट दाखवत उभे. धुळीत करवती काठ उमटला होता. दुकानापासून थेट कंग्राळीच्या दिशेनं. "फाटला का न्हाय, बघत जाऊ की," ते म्हणाले.

साहेबांच्या मोटारीतून काठाच्या मागं निघालो. अर्ध्या वाटेत फटकन आवाज झाला. साहेबांचा अस्सल विलायती टायर बसला! आम्ही कुणी हसलो नाही. फार कष्ट पडले. पुढं चालत निघालो, साहेब सगळ्यांत पुढं, मान खाली घालून काठ बघत. कुठं तुटला नव्हता.

काठ एका शेतकऱ्याच्या अंगणात शिरला. सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही टायर शाबूत. आतून बाळाचं रडणं येत होतं. आक्का दारात आल्या, घामाघूम. मास्तरांना म्हणाल्या, "चालत आले असते तर माय-लेकी दोघी गेल्या असत्या, मास्तर."

साहेब टायर बघायला पुढं सरसावले, तर घरातली म्हातारी आडवी आली. अंगणात उमटलेल्या त्या काठावर तिनं दारापर्यंत हळदकुंकू वाहिलं होतं.

"त्या साहेबाला सांगा, ह्यावरनं बूट घालून येऊ नगं. ह्याच वाटंनं लक्षुमी आलीया माझ्या घरात."

मास्तरांनी अडखळत इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी धुळीतल्या काठाकडं पाहिलं. आप्पांकडं पाहिलं. मग कट्ट्यावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.