पांढऱ्या गाडीचं इंजिन

चावी काढून हातात घेतली, डिझेलचा कॉक बंद केला, तरी इंजिन चालतच राहिलं आणि उलट जास्तच जोरात पळायला लागलं, असं तुम्ही कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. भर दुपारी, उघड्या दाराच्या शेडमध्ये, तीन माणसांच्या देखत. भुतं नसतात यावर चार पानी पत्रक लिहून ते मी त्याच महिन्यात गावोगाव वाटलेलं होतं. माझं मत आजही तेच आहे. पण त्या दुपारी माझ्या पायांचं मत वेगळं होतं.

आमच्या घरात देवघर नव्हतं. त्या जागी पत्रकांचे गठ्ठे होते. वडील सभेहून येताना खाऊ आणायचे नाहीत, पत्रकं आणायचे, आणि मला वाचायला त्यांनीच शिकवलं. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला ‘अन्याय’ हा शब्द लिहिता येत होता. त्यामुळे जगात जे काही वाईट आहे ते नीट लिहून काढलं की अर्धं संपतं, असं मला फार दिवस वाटत होतं.

थोरली बहीण, आमची आक्का, तसं मानत नव्हती. ती नर्स होती. कारखान्याच्या हंगामात ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, तिच्याकडे असत. मागच्या हंगामात अडलेल्या एका बाईला बैलगाडीत घालून ती दवाखान्याकडे निघाली. बैलगाडी दवाखान्यात पोचली, बाई पोचली नाही. घरी आल्यावर आक्का मोरीत बसून किती तरी वेळ हात धूत राहिली. मी म्हणालो, यावर लिहितो. ती म्हणाली, “लिही. पण मला गाडी पाहिजे. पुढच्या हंगामाच्या आत पाहिजे.”

गाडी एकच होती, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात परदेशातली काही माणसं मदतीला आली होती. त्यांची ती पांढरी गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. आत झोपायचे दोन बाक, एक शेगडी, हात धुवायचं एवढंसं भांडं, लाकडी कपाटं, वर उचलता येणारं छप्पर. आधी ती माणसं त्यात राहायची. पुढं दुष्काळी कामाच्या खडी केंद्रांवर लोक उन्हानं, हगवणीनं कोसळायला लागले, तेव्हा त्यांना त्याच बाकांवर झोपवून कुठं कुठं न्यायला लागली. पाऊस झाला, माणसं मायदेशी गेली, गाडी राहिली. अणदूरच्या रस्त्याला एक दूध केंद्र बंद पडलेलं होतं, त्याच्या शेडमध्ये ती अकरा-बारा वर्षं उभी होती. शेडवरून जाताना लोक बोलणं थांबवत. त्या गाडीत चढलेलं माणूस उतरत नाही, असं म्हणत. मी लहान असताना ती खडी केंद्रावर आली की आया पोरांना खडीच्या ढिगामागं बसवत आणि तोंडावर पदर धरत. मलाही बसवलेलं आहे.

आमच्या तरुण मंडळानं ती मागितली. दूध केंद्राच्या कमिटीनं एका ओळीचा कागद दिला: न्या, पण इथून हलवा.

दार उघडलं तेव्हा आतून गार हवा आली. बाहेर पत्रा तापून तडतडत होता आणि आत रांजणाशेजारी बसल्यासारखा गारवा. खिडक्यांना बारीक निळ्या फुलांचे पडदे होते. एका बाकावरच्या गादीला खड्डा पडलेला होता, कुशीवर झोपलेल्या माणसाचा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं आडव्या रेघा होत्या, खालून वर, वीस-पंचवीस, प्रत्येकीपुढं आकडा. पोरांची उंची मोजलेली. नाव एकाचंही नाही.

“बघून झालं का?” मागून मिस्तरी म्हणाले. “मला इंजिन बघू द्या. बाकी सगळं तुमचं.”

मिस्तरी म्हणजे साठीचा माणूस, तोंडात कायम तंबाखू. पंचक्रोशीतले निम्मे ट्रॅक्टर त्यांच्या हातचे. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या टोपाखाली होतं. त्यांनी टोप उचलला, समोरून हँडल घातलं, अंगाचा जोर देऊन अर्धा फेरा फिरवला, आणि आतून एक लांब सुस्कारा आला. झोपलेलं माणूस कूस बदलताना सोडतं तसा. मी मागं सरकलो.

“व्हॉल्व्ह गेल्यात,” मिस्तरी म्हणाले. “हवा गळतीया. तुम्हाला काय वाटलं?”

“काही नाही.”

“पत्रकात ल्हा मग. काही वाटलं न्हाय म्हणून.”

पेट्रोलचं ते इंजिन पुन्हा उभं करण्यात अर्थ नव्हता. त्याचे भाग मिळत नव्हते, आणि पेट्रोल आणायला तालुक्याला जावं लागे. डिझेल मात्र ट्रॅक्टर असलेल्या प्रत्येक घरी पिंपात असे. एका खडीच्या मशीनवर जुन्या जीपचं डिझेल इंजिन गंजत पडलं होतं, ते आणलं. सगळं खोलून रॉकेलमध्ये धुतलं. ब्लॉक सोलापूरला नेऊन बोअर करून आणला. पिस्टन, रिंगा नवे. व्हॉल्व्ह मी स्वतः आठ दिवस घासले. नवं इंजिन जड, म्हणून पुढचे स्प्रिंगचे पाटे वाढवले, आणि बसवायच्या पट्ट्या कापून पुन्हा वेल्डिंग केल्या. त्यात श्रावण गेला, भादवा गेला.

त्या दिवसांत एक गोष्ट मला खटकत होती. शेडच्या खांबाला मिस्तरींनी लिंबू-मिरची बांधली होती, काळी बाहुली टांगली होती, आणि गाडीच्या दाराशी खिळ्याला वीतभर लांबीची एक लाकडी फळी होती, हळदी-कुंकवानं माखलेली. तिच्यावर थर चढून मूळ लाकूड दिसत नव्हतं. रोज काम सुरू करताना ते तिला हात लावून कपाळाला लावायचे. मी म्हणायचो, लोकांची भीती घालवायला ही गाडी आपण करतोय आणि तिच्याच दारात हे. ते म्हणायचे, “तुमचं तुम्ही करा, माझं मला करू द्या.”

खंडेनवमीला त्यांनी हत्यारं मांडली, पूजा केली आणि फळीला नवं कुंकू लावलं. दुसरा दिवस दसऱ्याचा, म्हणजे आमच्या घरी धम्मचक्राचा दिवस. सभेत मी बोललो. खूप टाळ्या पडल्या. त्याच तावात शेडवर गेलो, एकटाच. लिंबू, मिरच्या, बाहुली, फळी, सगळं अंगणात आणून पेटवलं. फळी उशिरापर्यंत जळत होती. ती चांगल्या सागाची होती.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू करायचं होतं. मिस्तरींनी रिकामा खिळा बघितला, माझ्याकडे बघितलं. एवढंच विचारलं, “ऑइल खुणेपर्यंत घातलं का?”

“घातलं,” मी म्हणालो. खुणेच्या वर घातलं होतं. बरंच वर. नवं इंजिन कोरडं पडू नये म्हणून डबा संपेपर्यंत ओतत गेलो होतो. भांडं अर्धवट भरणं दुष्काळ बघितलेल्या आमच्या पिढीला जमतच नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असंही वाटलं नाही.

आक्का दाराशी उभी होती. मी चावी फिरवली. इंजिन खाकरलं आणि लागलं. आक्का हसली. पाच मिनिटं ते छान चाललं. मग आवाज चढायला लागला. मी पाय काढून घेतला होता, तरी चढत होता.

“बंद करा,” मिस्तरी म्हणाले.

मी बंद केलं. चावी काढली. चावी माझ्या हातात होती आणि आवाज चढत होता. मिस्तरींनी कॉक बंद केला, नळी उपसून काढली. डिझेलचा एक थेंब आत जात नव्हता. तरी इंजिन किंचाळायला लागलं. निळसर पांढऱ्या धुरानं शेड भरली. गाडी जागच्या जागी थरथरत होती, कपाटांची दारं आपोआप उघडून आपटत होती, निळे पडदे आत ओढल्यासारखे फडफडत होते. रस्त्यावर शेतावरून येणाऱ्या बाया थांबल्या होत्या. त्यांच्यातली एक शांतपणे म्हणाली, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी, “उठली ती.”

मला हलता येत नव्हतं.

मिस्तरींचा हात खिळ्याकडे गेला. न बघता, सवयीनं. तिथं काही नव्हतं. क्षणभर तो हात हवेतच राहिला. मग त्यांनी हवेचा पाइप उपसला, कमरेचं फडकं त्याच्या तोंडावर दाबलं. ते आत खेचलं जायला लागलं, तसा त्यांनी त्यावर उजवा तळहात ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. इंजिन घुसमटलं, दोन-तीन आचके दिले आणि थांबलं.

पाइपाची कड मीच करवतीनं कापली होती, कानस मारली नव्हती. ती त्यांच्या तळहातात रुतली होती.

दवाखान्यात त्यांनीच मला समजावलं. जास्तीचं ऑइल वर चढून हवेबरोबर आत जातं आणि इंजिन तेच जाळून पळत सुटतं. डिझेल तोडून उपयोग नाही, हवा तोडावी लागते. तोंडावर फळी दाबायची, बस.

“मग कुंकू कशाला लावता?” मी विचारलं.

“साधी फळी शेडमध्ये किती दिस टिकती? कोण चुलीत घालतं, कोण टेकू लावतं. कुंकू लावलं की कुणी हात लावत न्हाय. वक्ताला जाग्यावर घावती.” त्यांनी पट्टीतला हात मांडीवर घेतला. “तुमच्यावाणी कोण येईल, हे काय ध्यानात आलं न्हाय.”

त्यांची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हात गळ्यात बांधून ते आठव्या दिवशी शेडमध्ये आले, स्टुलावर बसले आणि राहिलेलं सगळं काम माझ्याकडून करून घेतलं. “खूण म्हंजे खूण,” एवढं मात्र रोज म्हणाले. दिवाळीनंतर कारखान्याचं धुराडं पेटलं, ऊसतोड्यांच्या बैलगाड्या आल्या, तेव्हा गाडी तयार होती.

आणि कुणी तिच्यात बसेना. माणसं जुलाबानं लोळली तरी खांद्यावर जायची, गाडीत नाही. महिना गेला. मग एका दुपारी वीस-एक वर्षांच्या एका पोरीला कळा लागल्या. मूल आडवं होतं. आक्कानं गाडी कोपीच्या दारात आणायला सांगितली. ती पोर सासूच्या आधारानं गाडीपर्यंत आली, दारात दोन्ही हात रोवले आणि थांबली. “ह्या गाडीत न्हाय,” ती म्हणाली. कळ आली की वाकायची, कळ गेली की तेच म्हणायची.

माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, “का गं बाई? काय झालं होतं?”

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “आमची आई चढली हिच्यात,” ती म्हणाली. “परांड्याकडं, खडीवर. मी हात हालवला. ती परत आली न्हाय. कुठं नेली ते कुणी सांगितलं न्हाय. मेली का ते बी न्हाय सांगितलं.”

म्हणजे भूत नव्हतंच. बारा वर्षं सगळा मुलूख एका न मिळालेल्या उत्तराला घाबरत होता. आम्ही शिकलेले लोक त्याला अडाणीपणा म्हणत होतो.

आक्का म्हणाली, “नवरा संगं बसंल, सासू संगं बसंल. आपण कुठं चाललोय ते मी सांगत जाईन. ऐकू आलं न्हाय तर ओरड, गाडी थांबवीन.” ती पोर चढली. मी गाडी चालवत होतो. मागून सारखा तिचा आवाज यायचा, “आता कुठलं गाव?” आणि आक्का गावाचं नाव सांगायची. मग शिवाराचं, ओढ्याचं, पिंपळाचं. इंजिन एका लयीत चाललं होतं. पोर वाचली, तिचा मुलगाही वाचला. पण परत येताना मोकळ्या बाकाकडे आरशातून बघायचं धाडस मला झालं नाही, हेही लिहून ठेवतो.

हे मी पत्रक म्हणून लिहिलेलं नाही. त्या दुष्काळात तुम्ही बार्शीला, सोलापूरला, मिरजेला, कुठंही दवाखान्यात कामाला असाल, पांढऱ्या गाडीतून उतरवलेल्या माणसांची वही तुमच्याकडे किंवा तुमच्या जुन्या कपाटात असेल, तर ती उघडा. परांड्याकडच्या खडी केंद्रावरून आलेली एक बाई शोधा, त्या पोरीची आई; पोरीला आठवतं ते एवढंच: तिशीची, अंगानं बारीक, तांबडं लुगडं, कपाळावर गोंदण, डाव्या हाताची करंगळी ठेचलेली. ती सापडली तर कुठं नेली, किती दिवस जगली, कुठं पुरली, ते कळवा. त्याच पानावर आणखी कुणी असतील, तर त्यांचंही कळवा. नाव नसलं तरी चालेल.