धाकल्याला कुणी विचारलं नाही

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले होते. पडद्यावर ‘सिस्टर’ असं नाव आलं आणि मी तो मुद्दाम वाजू दिला. आधीच्या दोन गुरुवारी त्यांनी मला टाळलं होतं, एकदा पाहुणे आलेत म्हणून आणि एकदा काहीच न सांगता. तेव्हा आता थोडी वाट त्यांनीही बघावी, असा माझा मास्तरणीचा खाक्या. फोन थांबला, पुन्हा वाजला. दुसऱ्यांदा उचलला आणि "झाली का आठवण?" असं म्हणूनही टाकलं… पलीकडे त्यांचा मुलगा विनोद होता. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, एवढंच तो बोलला. मी डाळीचं ताट खाली ठेवलं. जिच्यावर रुसून बसले होते ती बाईच आता नाही, हे डोक्यात शिरायला मला बराच वेळ लागला.

सुमन सिस्टर लोणारच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. माहेर साखरखेर्ड्याचं. मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. लस टोचायला त्या शाळेत आल्या की वर्गातले दांडगे गडी बाकाखाली शिरायचे, आणि सिस्टर नेमक्या त्यांनाच आधी बोलवायच्या. पण आमची खरी ओळख झाली ती माझ्या सासूबाईंच्या पायामुळे. साखरेच्या आजाराची जखम, भरता भरेना. सिस्टर ड्यूटीवर जाण्याआधी रोज सकाळी येऊन ती धुऊन बांधायच्या, तीन महिने. पहिले कित्येक दिवस हे सगळं ओट्यावर चालायचं, कारण आमच्या घरात बौद्ध माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायची पद्धत नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते, पण होतं ते असं होतं, आणि मी शिकलेली सून असून गप्प होते. मग एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, आत ये ना वं माय, इथं ऊन लागते. सिस्टर काही झालंच नाही अशा आत आल्या आणि त्यांनी उकळलेलं पाणी मागितलं. पुढे कधीतरी मी चाचरत विचारलं, की त्या ओट्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल ना. त्या म्हणाल्या, "जखम काय बाई, वट्यावर बी भरते अन सैपाकघरात बी भरते." मी त्यांना सिस्टर म्हणायचे, त्या मला बाई. तीस वर्षांत दोघींनीही नाव घेतलं नाही.

सात वर्षांपूर्वी माझे यजमान (गाव त्यांना सर म्हणायचं) औरंगाबादला दवाखान्यात होते, सोळा दिवस मशीनवर. यातून ते उठणार नाहीत, घरी न्यायचं तर न्या, असं डॉक्टरांनी मला नीट बसवून सांगितलं. मी सही केली. आपल्याकडे अशा माणसाला घरी आणायची एक रीत पडून गेली आहे. मशीन काढतात आणि रबरी फुगा जोडतात, गाडीत कुणीतरी तो हाताने दाबत बसायचं. दाबला की श्वास. घरी पोचलं, सगळ्यांनी तोंड पाहिलं, की दाबणं थांबवायचं. सिस्टर रजा काढून माझ्याबरोबर आल्या होत्या. जालना मागे पडलं, सिंदखेडराजा मागे पडलं, चार तास त्या फुगा दाबत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, दोन मिनिटं मी दाबतो, तुम्ही चहा घ्या. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग आम्ही घरी पोचलो आणि ते शांतपणे गेले. एवढंच मी सगळ्यांना सांगत आले.

निवृत्तीनंतर सिस्टर विनोदकडे बुलढाण्याला गेल्या. तो तिथे कोर्टात कारकून आहे. लोणारहून बसचा तीन तासांचा रस्ता, गुडघे दोघींचेही कुरकुरणारे, त्यामुळे भेटी वर्षाकाठी दोन-तीन. घरात मी एकटी. मुलगी सासरी, तिचा फोन रविवारी. गेल्या वर्षी एका गुरुवारी दुपारी सिस्टरांचा फोन आला. "बाई, थे उघड्या अंगाच्या मानसाईची शिरेल लागली, पाहून राह्यल्या का?" मी टीव्ही लावला. रोमच्या काळातल्या ग्लॅडिएटरांची, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांना मारायला लावलेल्या गुलामांची गोष्ट, हिंदीत डब केलेली. पाच मिनिटांत मी रिमोट उचलला. बंद करते म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या की मारामारी चालू आहे तोवर कपड्यांच्या घड्या करून घ्या, खरी गोष्ट नंतर आहे.

तेव्हापासून दर गुरुवारी दोन वाजता फोन स्पीकरवर टाकायचा आणि दोन गावांत दोन टीव्ही लावायचे, असं सुरू झालं. त्या मंडळींची नावं काही जिभेवर बसेनात, म्हणून सिस्टरांनी मुख्य दोघांचे थोरला आणि धाकला करून टाकले. भाऊ नव्हते ते, एका मालकाचे गुलाम होते, एका भांड्यात जेवायचे. सगळं जग मैदानातली लढाई बघायचं, सिस्टरांचा जीव अडकलेला असायचा आतल्या खोलीत, जिथे एक म्हातारा गुलाम जखमींना मलमपट्टी करायचा. त्याची त्या दर आठवड्याला हजेरी घ्यायच्या. पाणी उकळलं नाही, टाके लांब लांब घेतले, चिंधी तीच ती वापरली. मी आपली पोशाखातल्या नि इतिहासातल्या चुका काढायचे. शिकवलं विज्ञान, पण चुका काढायला विषय कुठे लागतो? एकदा मैदानाभोवती आरडाओरड करणारी गर्दी दाखवत होते, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "एवढे हजारो मानसं, बाई, अन एकाच्याही हातात पान्याचा गडू नाही." त्या तासाभरासाठी मी आठवडा ढकलायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग तो भाग आला. थोरल्याच्या पोटात भाला घुसतो, त्याला आत आणतात. म्हातारा बघतो आणि मान हलवतो. धाकला जखमेवर दोन्ही हातांनी फडकं दाबून बसतो, कारण दाबून धरलंय तोवरच हा आहे. मालक सांगून जातो, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा. उन्हाचा पट्टा भिंतीवर सरकत जातो आणि शेवटी धाकला हात उचलतो. मी ढसाढसा रडले. थोरल्याच्या जागी मला आमचे हे दिसत होते, त्यांचा तो चार तासांचा प्रवास दिसत होता. पलीकडून सिस्टर अगदी हळू म्हणाल्या, "सगळे थोरल्यासाठी रडतीन, बाई. धाकल्याले कोनी इचारलं का, तुले झोप लागते का म्हनून?"

मी डोळे पुसले, आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे… मी हसले. म्हटलं, अहो सिस्टर, सिरियल आहे ती, तो धाकला आता रंग पुसून घरी जेवत असेल. त्या "हाव, बरोबर हाय" म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढचे दोन गुरुवार आमचं बोलणं झालं नाही, आणि नंतर तो मंगळवार.

अंत्यविधीला जाऊन आले. पुढच्या गुरुवारी दोन वाजता टीव्ही लावला नाही. मोबाइलवर तोच भाग शोधून काढला. खाली बघणाऱ्यांच्या प्रतिक्रियांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं, रडवलंत. कुणी थोरल्याला हात जोडले होते. असा मित्र सगळ्यांना मिळो, असंही एकाने लिहिलं होतं. मी खाली खाली जात राहिले, डोळे दुखेपर्यंत. धाकल्याचं पुढे काय झालं असेल, हे एकानेही विचारलं नव्हतं. मग मी भाग पुन्हा लावला आणि या वेळी थोरल्याकडे पाहिलंच नाही. धाकल्याकडे पाहिलं. हात उचलण्याआधी तो मान वर करून खोलीतल्या एकेकाकडे बघतो, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. बाकीचे भिंतीकडे तोंड करून उभे असतात. पहिल्या वेळी हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. आम्ही दोघी दर गुरुवारी एकच गोष्ट बघतो, असं मी वर्षभर धरून चालले होते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. त्या दिवशी ह्यांना बैठकीच्या खोलीत उतरवलं. सिस्टर गुडघ्यावर बसून फुगा दाबतच होत्या. पोरीनं पाय धरले, दिरांनी तुळशीपत्र ठेवलं. मग सिस्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या काय विचारताहेत, मला पक्कं कळलं होतं. मी म्हटलं, गंगाजल आणते, आणि देवघरात गेले. गडू समोरच होता. मी तो उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर आले तेव्हा फुगा जमिनीवर होता आणि सिस्टर ह्यांचे डोळे मिटत होत्या. त्यानंतर सात वर्षं मी त्यांच्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले, एवढा एक सोडून.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बुलढाण्याला गेले ती हेच विनोदला सांगायला. त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यातली माणसं हळूहळू पांगली. विनोद चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. मी बोलायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "मावशी, एक इचारू? जायच्या आधी पंधरा-वीस दिवस आई सरांचंच बोले. म्हने, मी मनानं नाही थांबली. बाईनं सांगतलं, सिस्टर, आता ऱ्हाऊ द्या, मंग थांबली. खरं हाय नं थे?" तो माझ्या तोंडाकडे बघत होता. कोर्टातला माणूस, पण त्या वेळी अगदी लहान दिसला. मी म्हटलं, हो रे. मीच सांगितलं होतं. त्याने मोठा श्वास सोडला, आणि चहा थंड होतोय, घ्या, असं म्हणाला.

विनोद, तू हे वाचशील. तुझी मावशी तुझ्याशी खोटं बोलली. ते वाक्य तुझ्या आईला कुणी दिलं नव्हतं. देणारी देवघरात लपली होती. म्हणून तिने ते स्वतःच रचलं, माझ्या नावावर केलं, आणि ते उशाशी घेऊन झोपायचा प्रयत्न करत राहिली. आता गुरुवारी दोन वाजले की मी बैठकीच्या खोलीत जाऊन बसते. टीव्ही बंद असतो, रस्त्यावरही त्या वेळी कुणी नसतं. ऐकायला कुणी नाही हे माहीत असून मी ते मोठ्याने म्हणते. सिस्टर, आता राहू द्या. मी सांगते आहे, राहू द्या. हात भरून आला असेल तुमचा.