वेगळं बांधलेलं गाठोडं
सरकीचा वास आला की हिंगोलीची ती कापसातून सरकी काढणारी जिनिंग आठवते. निजामाचं राज्य होतं आणि मी तिथला नवा कारकून. तांड्यावरची एक बाई गाडीभर कापूस घेऊन आली. कापूस पांढराशुभ्र होता, पण मालकासमोर इंग्रजी मिरवायला मी चिठ्ठीवर ‘डिफेक्ट’ लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. “म्हंजी काय, बाबू?” तिनं विचारलं. “खोट,” मी म्हणालो. ती हसली आणि गाडीतून एक छोटं गाठोडं काढून तिनं माझ्यापुढं सोडलं. पावसानं डागाळलेला कापूस तिनं घरीच निवडून वेगळा बांधला होता. “खोट हितं हाय. ह्याच्यावर लिवा की, गाडीवर काहून?” मी चिठ्ठी बदलली नाही, मालकानं साऱ्या गाडीचा भाव पाडला. आज लिहून ठेवतो: गाडीतल्या कापसात खोट नव्हती. इतक्या निगुतीनं निवडलेला माल मी पुन्हा कधी पाहिला नाही.