एकटं न दिसण्याच्या जागा

नीलाताई कुठल्याही नव्या जागी पोचल्या की आधी जागच्या जागी एक गिरकी घेत, दोन पावलं मागे सरत, डोळे बारीक करत आणि निकाल सांगत. "नाही. इथे माणूस एकटा दिसतो." लंडनमधल्या भल्याभल्या जागा त्यांनी या एका वाक्यात नापास केल्या होत्या. ज्या घड्याळाच्या मनोऱ्यापुढे फोटो काढल्याशिवाय आपल्याकडच्या माणसाला लंडनला पोचल्यासारखं वाटत नाही, तिथे त्या मला एकदाही घेऊन गेल्या नाहीत. तिथे माणूस कापून चिकटवल्यासारखा येतो, असं त्यांचं मत. त्यांच्या लाडक्या जागा वेगळ्याच होत्या. युद्धात छप्पर उडालेल्या एका चर्चमध्ये आता बाग आहे, तिथल्या वेलींनी भरलेल्या खिडक्या. कालव्यात बांधून ठेवलेल्या रंगीत होड्या. नदीच्या दक्षिण काठावरचे, लोखंडी मासे गुंडाळलेले दिव्यांचे खांब. मला वाटायचं, बाईंना फोटोतलं फार कळतं. कळत होतंच, पण ही अट फोटोच्या सौंदर्यासाठी नव्हती.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या कंपनीने मला क्रॉयडनच्या एका ऑफिसात पाठवलं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि मी नीलाताईंच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या, मूळच्या कराडच्या. हाय स्ट्रीटवरच्या एका केमिस्टच्या दुकानात रोल धुऊन देण्याचं काउंटर होतं, तिथे त्या कामाला होत्या. साऱ्या गावाच्या सहली, बारशी आणि लग्नं त्यांच्या हाताखालून जात. संध्याकाळी भाकरी थापताथापता त्या मला दिवसभराच्या फोटोंतल्या चुका ऐकवायच्या. "लोकांना वाटतं जागा सुंदर की फोटो सुंदर. लाइट कुठून येतोय ते कुणी बघतच नाही. मागे काय आहे तेही नाही. मग मावशीच्या डोक्यातून खांब उगवतो."

त्यांच्या दारामागच्या खुंटीवर एक पुरुषी जॅकेट असायचं. लांबच लांब बाह्यांचं, स्वच्छ झटकलेलं. अशोकराव, म्हणजे त्यांचे यजमान, कामानिमित्त ग्लासगोला असतात, एवढं मला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं. भाडेकरूने त्यापुढे विचारू नये हे मला कळत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

एका रविवारी त्यांनी मला फोटो काढायला बरोबर नेलं. मी आपली पर्स घेऊन तयार, तर बाईंच्या काखेत स्वयंपाकघरातलं घडीचं स्टूल. वरच्या फळीवरचे डबे काढायचं असतं ना, तसलं दोन पायऱ्यांचं. ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवर, मग ट्रेनमध्ये, मग ट्यूबमध्ये आम्ही ते वागवत गेलो. इंग्रज माणूस कुणाकडे रोखून बघत नाही म्हणतात. त्या दिवशी बघत होता. कालव्याकाठी पोचल्यावर त्यांनी स्टूल मांडलं, माझ्या हातात कॅमेरा दिला आणि वर चढायला सांगितलं. माझी उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे मी ते अपमानासारखं घेतलं. म्हटलं, खालून काय वाईट येतो? त्यांनी मंगळसूत्र कोटाबाहेर काढलं, बाकावर दोन कॉफीचे कप ठेवले, ते लांब बाह्यांचं जॅकेट शेजारी टाकलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. असं हसणं मी त्यांच्या तोंडावर घरात कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. आवाज अगदी साधा, जणू दुकानातलं काही सांगताहेत. अशोकराव ग्लासगोला नोकरीसाठी गेले आणि तिथेच एका बाईबरोबर राहिले. त्याला आता काही वर्षं झाली होती. कराडला म्हाताऱ्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सासरचं मागे कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बातमी फुटायला वाट नव्हती. आणि जावयाने सासूशी फोनवर फार गप्पा मारायच्या नसतात, ही आपल्याकडची पद्धत कामी येत होती. फक्त आई दर दिवाळीला फोटो मागायची. दोघांचा का नाही, असं विचारायची. मग तोड निघाली: ते फोटो काढत असतात. अशोकराव सहा फुटांच्या वर होते. फोटो त्यांच्या डोळ्यांतून काढल्यासारखा दिसायला हवा होता.

"पण सांगून का टाकत नाही?" मी म्हटलं.

"हा मुलगा आईने निवडला गं. मामा नको म्हणत होता, बाबा नको म्हणत होते. ती एकटी हट्टाला पेटली, की नीलूसाठी हाच. तिला कळलं तर ती ह्यांना बोल लावणार नाही, मलाही नाही. ती स्वतःला खात बसेल. या वयात तिला ते नको."

त्यानंतर मी मुकाट्याने स्टुलावर चढू लागले. आमचे कितीतरी रविवार असे गेले. नीलाताई जागा हेरायच्या, मी उंची गाठायची. पुलाचा कठडा असला तर त्यावर टेकायला जागा हवी. बाक असला तर दोघांपुरता हवा. मागे गर्दी हवी पण अनोळखी वाटू नये अशी. "मागे कुठेतरी एखादं लेकरू असू दे," त्या म्हणायच्या, "आईला बरं वाटतं." जॅकेट दर वेळी वेगळ्या बाजूला पडायचं. एकदा कॉफीचा दुसरा कप वाऱ्याने लवंडला तर त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे नेहमी सांडायचे." मग दोघी हसलो. मला त्या हसण्याचं घरी येऊन वाईट वाटलं.

मी एकदा चिडलेही. सुट्टीचा दिवस, बोचरी थंडी, आणि ज्या माणसाने बाईला वाऱ्यावर सोडलं त्याच्या उंचीची आपण काळजी करतोय. हे मी बोलून दाखवलं. नीलाताई शांतपणे म्हणाल्या, "उंची त्यांची नाही. आईने पाहिलेली आहे." पुढच्या रविवारी मी स्टूल स्वतःच उचललं.

चूक झाली ती ग्रिनिचच्या टेकडीवर. तिथून खाली नदी दिसते आणि पलीकडे सारं शहर. शरदातली दुपार होती, कलतं ऊन माझ्या पाठीमागून येत होतं आणि नीलाताईंच्या चेहऱ्यावर असं काही पडलं होतं की त्या स्वतःच म्हणाल्या, आज लव्हली येणार. वाऱ्याने माझी वेणी उडत होती, तीच सांभाळत मी बटण दाबलं. नेमकं त्याच दिवसांत दुकानवाल्यांनी काउंटर बंद करायचं ठरवलं. लोकांकडे डिजिटल कॅमेरे आले होते, रोल येईनासे झाले होते. मशीन हलवायच्या घाईत नीलाताईंनी आपला शेवटचा रोल धुतला आणि फोटो दिवाळीच्या पाकिटात घालून टाकले. हजारो माणसांच्या फोटोंतल्या चुका काढणारी ही बाई स्वतःच्या फोटोत फक्त आपलं हसू तपासत असे. खालच्या कडेला गवतावर कुणाची सावली पडली आहे, हे तिने पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

जानेवारीत मी भावाच्या लग्नाला घरी गेले तेव्हा नीलाताईंनी आईसाठी एक लोकरी शाल आणि चॉकलेटं दिली. काय बोलायचं त्याची उजळणी विमानतळापर्यंत चालली होती. अशोकराव थोडे वाळलेत. त्यांना रजा मिळत नाही. साखर कमी केलीय. मी परीक्षेला बसल्यासारखी ते सारं घोकत कराडला पोचले.

आजींनी दार उघडलं. लहानखुऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, नीलाताईंसारखेच बारीक डोळे करून बघणाऱ्या. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. माझी वेणी पाहिली, माझी उंची पाहिली. चहा झाला, शाल मांडीवर घेऊन झाली. मी अशोकराव वाळल्याचं सांगितलं, त्यांनी "हो का" म्हटलं. मग आतून अल्बम आणला आणि ग्रिनिचचा फोटो काढून माझ्यापुढे धरला. गवतावर एक लांब सावली होती. कोपर वर केलेलं, आणि खांद्यावरून उडणारी वेणी.

"एवढ्या उंचावरून कशी काढतेस गं?" आजींनी विचारलं. "कशावर उभी राहतेस?"

घोकलेलं सारं क्षणात विसरले. मी म्हटलं, "स्टुलावर."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. मग फोटो पुन्हा अल्बममध्ये सरकवत म्हणाल्या, "जपून उभी राहत जा. पडशील एखाद्या वेळी." आणि मी निघताना दारात, माझा हात धरून, "मला कळलं म्हणून तिला सांगू नकोस. मला कळू नये म्हणून ती इतकं हसते. तेवढं तरी हसू दे तिला."

मी परत आले. नीलाताईंनी दारातच विचारलं, आई काय म्हणाली? मी म्हटलं, फोटो आवडले. त्यांचा चेहरा उजळला. आता दोन घरांमधलं एकच गुपित दोन्ही बाजूंनी माझ्याकडे होतं आणि दोघींपैकी कुणालाही सांगायची सोय नव्हती. मी एकदा सुचवून पाहिलं, की वाटेवरच्या कुणाला तरी कॅमेरा देऊ आणि आपण दोघी उभ्या राहू. नीलाताई दचकल्या. "वेडी आहेस का? आई विचारेल ना, हे कुठे आहेत म्हणून." मी स्टूल उघडलं आणि चढले. आता मला ठाऊक होतं की तो फोटो हातात घेऊन बघणारी बाई आधी गवताकडे बघणार आहे.

दीड-दोन वर्षांनी आजी झोपेतच गेल्या. नीलाताई धावतपळत कराडला गेल्या, दिवस करून परतल्या. सामानात आईची एक पातळं ठेवायची पेटी आणि तो अल्बम. दाराशी बॅग टेकवून पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "तिला शेवटपर्यंत कळलं नाही, मेधा. आयुष्यात एवढं एक नीट जमलं मला." शेजारपाजारच्या बायकांनीही म्हणे सांगितलं, तुमच्या आई आल्यागेल्याला अल्बम दाखवून म्हणायच्या, हे सगळे जावयांनी काढलेले. मी चहा टाकायला आत गेले, कारण मला तिथे उभं राहवेना.

चहा घेऊन बाहेर आले तर नीलाताई अल्बम उघडून बसल्या होत्या. ग्रिनिचच्या फोटोशी थांबल्या होत्या. प्लास्टिकच्या खिशात तो फोटो नीट बसत नव्हता. खाली बोटभर रिकामी फट होती. त्यांनी तो बाहेर काढला, कडेवरून अंगठा फिरवला. "ही सिक्स बाय फोरची प्रिंट आहे," त्या म्हणाल्या. "मीच काढलीय. ही खालून कापलीय कुणीतरी. माझे घोटे गेलेत बघ." कात्री म्हाताऱ्या हाताची होती, कड किंचित वाकडी गेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय होतं गं इथे?"

आजी आता नव्हत्या. मी म्हटलं, "माझी सावली."

नीलाताईंना दुसरं काही विचारावं लागलं नाही. त्या फोटोचा तो वाकडा कापलेला काठ धरून बसून राहिल्या. आपण आईपासून जे झाकत होतो तेच आई गावापासून झाकत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मी पाहिलं. मग त्या रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते. "एकटीने कापलं तिने," एवढंच मधूनमधून म्हणत होत्या. "एकटीने बसून कापलं."

त्यानंतर आम्ही एकदाच फोटोला गेलो. ग्रिनिचलाच. स्टूल घरी राहिलं, जॅकेट नीलाताईंनी आदल्याच आठवड्यात चॅरिटी शॉपला देऊन टाकलं होतं. वर पोचल्यावर त्यांनी गिरकी घेतली नाही, डोळे बारीक केले नाहीत. मी वाटेवरच्या एका आजोबांना थांबवून कॅमेरा दिला आणि नीलाताईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आजोबा म्हणाले, स्माइल. आम्ही दोघींनीही ते ऐकलं नाही.

पुढे माझा व्हिसा संपला, मी पुण्याला परतले. फोन होत राहिले. मग एका हिवाळ्यात मंडळातल्या एका बाईचा फोन आला, की नीलाताई हॉस्पिटलमध्येच गेल्या, आजार फार दिवस कुणाला सांगितलाच नव्हता. प्रार्थनेसाठी हॉलमध्ये लावायला फोटो हवा होता. घरात अल्बमभर हसरे फोटो सापडले होते, त्यातला कुठला लावू, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, त्यातला कुठलाच नको, आणि आमचा तो टेकडीवरचा फोटो ईमेलने पाठवला. मला कापून फक्त नीलाताई ठेवाव्यात, असं त्यांनी कळवलं. पद्धत तशीच असते, गेलेलं माणूस फोटोत एकटंच लागतं. मी त्यांना पुन्हा फोन केला आणि म्हटलं, हात जोडून सांगते, हा फोटो कापू नका. हारही दोघींवरून गेला तर चालेल.