दोरालिसेच्या मडक्यातला पुष्कराज

दोरालिसेच्या चुलीवर घेवडा शिजत असायचा आणि खाली निखाऱ्यांत पुष्कराज भाजत असायचे. आमच्या रोद्रिगो सिल्व्हा गावात याचं कोणाला नवल नव्हतं. गावामागच्या डोंगराची माती ओली असली की पायाला लोण्यासारखी लागते. ती धुतली की तळाशी खडे उरतात. बहुतेक मधासारखे पिवळे, काही संत्र्याच्या सालीसारखे, आणि क्वचित एखादा असा, की उजेडात धरला तर कडेला लालसर झाक दिसते. त्या खड्यात पिवळ्याच्या खाली गुलाबी दडलेला असतो. नीट भाजला तर पिवळा जळून जातो आणि पेरूच्या गरासारखा रंग उरतो. नुसताच पिवळा खडा भाजलात तर मात्र हाती काच येते. गेलेला पिवळा चूल परत देत नाही. म्हणून कोणत्या खड्याला चूल दाखवायची आणि कोणत्याला नाही, हे ओळखणारा डोळा लागतो. तो दोरालिसेकडे होता.

तिची रीत ठरलेली होती. मातीच्या लहान मडक्यात चाळलेली वाळू आणि राख. मधोमध खडा, मडक्याच्या अंगाला कुठेच न टेकलेला. वर झाकण, आणि झाकणावरून लोखंडी तार. तारेची दोन टोकं ती अशी काही उलटसुलट पिळायची, की पक्कड घेतली तरी दुसऱ्याला ती सुटायची नाहीत. या गाठीला कारण तिचा नवरा, इलीदियो. तो मातीत राबणारा, स्वभावाने उतावळा. भट्टीतला पाव फुगला का बघावं तसा तो मडकं उघडून बघायचा. पुष्कराज गरम असताना गार हवेत आला की तडकतो, आणि तडकतो तो आडवा, सुरीने लोण्याची वडी कापावी तसा. इलीदियोने असे खडे घालवल्यावर दोरालिसेने ती गाठ शोधून काढली. त्यानंतर तो साऱ्या गावाला सांगत सुटला, "तुरुंगाला कुलूप कशाला घेताय? आमच्या दोराला बोलवा."

गरम खड्याची आणखी एक खोड असते. मडक्यातून नुकताच काढलेला खडा पाण्यासारखा बिनरंगी दिसतो. गुलाबी चढतो तो निवताना. दोरालिसे हे पोरीबाळींना दटावून सांगायची, "गरम असताना त्याचं तोंड बघायचं नाही. झोपलेल्या बाळाला उठवून हसतंय का, असं बघतं का कोणी?"

एवढ्या गुणाची बाई, पण हेव्याने भरलेली. शेजारणीच्या चुलीचा धूर सरळ वर जातो याचा तिला हेवा. चर्चच्या गाण्यात दुसरीचा आवाज वर लागतो याचा हेवा. एका वर्षी माता मरियेच्या मूर्तीला नवा झगा शिवला, तर हिने महिनाभर तोंड पाडलं होतं. तिने ते कधी लपवलंही नाही. पलीकडच्या घरात राहणारे ओनोफ्रे खड्यांना पैलू पाडायचे. ते रोज सकाळी तिच्याकडे कॉफीला येत आणि रोज तिला छेडत.

"दोरालिसेबाई, पुष्कराज जवळ असला की माणसाच्या मनातला हेवा उतरतो म्हणतात. तुमचे हात तर जन्मभर त्यातच."

"मग?"

"मग त्यातला एक तरी खडा खरा निघायला हवा होता ना!"

"तुम्ही पैलू पाडून पाडून त्यांचं औषध घासून टाकता," ती कप त्यांच्यासमोर आपटत म्हणायची.

पुष्कराजाबद्दल आमच्याकडे अशा पुष्कळ गोष्टी सांगतात. विषाजवळ नेला तर त्याचा रंग उडतो, तापट माणसाच्या छातीवर ठेवला तर राग निवतो, उकळत्या पाण्यात टाकला तर पाणी गार पडतं. ही शेवटची गोष्ट दोरालिसेने वाढवलेल्या इरासीने लहानपणी करून बघितली होती. कॉफीच्या आधणात खडा टाकून ती स्टुलावर उभी राहून वाकून बघत होती. "दिंदा, पाणी निवलं!" ती ओरडली. दोरालिसे म्हणाली, "निवणारच. चूल विझलीय."

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलीला हातात धरणाऱ्या मानलेल्या आईला दिंदा म्हणतात. इरासी ही दोरालिसेच्या धाकट्या बहिणीची, झेनाइदेची मुलगी. पोर भिंत धरून चालायला लागली होती तेव्हा झेनाइदे तिला दोरालिसेकडे ठेवून बेलो ओरिझोंते शहरात गेली, दागिन्यांच्या दुकानात नोकरीला. नाताळात यायची, बाहुली आणायची, आणि बाहुलीचे केस विस्कटायच्या आत परत जायची. इरासीचे दात पडले, गोवर आला, शाळेत मारामारी झाली, ते सगळं दोरालिसेच्या स्वयंपाकघरात. दोरालिसेला स्वतःचं मूल नव्हतं. त्या पोरीच्या बाबतीत तिला हेवा करायला कोणी उरलं नव्हतं. नाताळचे ते दिवस सोडले तर.

इरासीच्या लग्नासाठी एक खडा राखून ठेवला होता. इलीदियोने मातीतून काढलेला, बोटाच्या पेराएवढा, पिकल्या संत्र्याचा रंग आणि दोन्ही टोकांना लाली. ओनोफ्रेंनी त्याला लांबट पैलू पाडून दिले होते. "याला चूल दाखवू नकोस," इलीदियो म्हणाला होता. "हा आहे तसाच सुंदर आहे." इलीदियो गेला, आणि खडा बेकिंग पावडरच्या रिकाम्या डब्यात कापसात राहिला. आमच्याकडे चर्चच्या पायरीवर, आत जाण्याआधी, आई नवरीच्या गळ्यात खडा बांधते. त्या दिवशी इरासीच्या गळ्यात तो खडा असणार आणि तो आपल्या हाताने बांधला जाणार, हे दोरालिसेने इतक्या आधी ठरवलं होतं, की ते कोणाला बोलून दाखवायचंही तिला सुचलं नाही.

लग्नाच्या आठवड्यात झेनाइदे बसमधून उतरली. केस रंगवलेले, नखं लांब, हातात मखमलीची डबी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ती उघडली. आत निळा पुष्कराज, अंगठ्याच्या नखाएवढा, खोल समुद्रासारखा. आमच्या डोंगरांतल्या माणसांनी समुद्र पाहिलेला नसतो. इरासीने दोन्ही हात तोंडावर धरले.

"आई! हा माझा?"

"मग काय माझा? माझं लग्न उरकलं केव्हाच, नवराही उरकला," झेनाइदे हसली. "दोरा, बघ की. तू तर यातली."

दोरालिसेने खडा चिमटीत धरून खिडकीकडे नेला. बराच वेळ बघितला.

"मुळात पांढरा दगड असतो हा," ती म्हणाली. "यंत्रात ठेवून किरणांचा मारा करतात, मग भाजतात, तेव्हा असा दिसतो. इतका गडद निळा डोंगरातून निघत नाही."

"खोटा आहे म्हणतेस?" झेनाइदेचा आवाज चढला.

"खोटा कुठे म्हटलं? केलेला आहे म्हटलं."

इरासी म्हणाली, "आणि तुझे गुलाबी काय तसेच झाडाला लागतात दिंदा? तू चुलीत भाजतेस, त्यांनी यंत्रात भाजला."

"चुलीचं वेगळं असतं."

"वेगळं काय?"

"चुलीपाशी कोणीतरी बसून राहावं लागतं," दोरालिसे म्हणाली, झेनाइदेकडे न बघता.

झेनाइदेने डबी मिटली. "झालं हिचं सुरू."

"भांडू नका गं," इरासी मध्ये पडली. "दिंदा, इलीदियोकाकांचा खडापण काढ. दोन्ही शेजारी ठेवून बघते, मग ठरवते."

"उद्या दाखवते," दोरालिसे म्हणाली.

सगळे गेल्यावर तिने डबा उघडला. संत्र्याच्या रंगाचा तो खडा इतकी वर्षं तिला दिव्यासारखा वाटत आला होता. त्या दुपारी, डोळ्यांत निळा भरलेला असताना, तो तिला फिका वाटला. जुना, घरातला, सवयीचा. तिने त्याच्या टोकांची लाली पाहिली. आत गुलाबी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. असा गुलाबी, की निळ्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. तिने वाळू चाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मडकं निखाऱ्यांतून काढून तिने चुलीच्या कडेला निवायला ठेवलं. तिन्हीसांजेपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. ती मक्याचा केक करायला बसली. पलीकडच्या खोलीत मायलेकी लग्नाचा झगा घालून बघत होत्या. दार लोटलेलं होतं, पण हसणं येत होतं.

"मान खाली कर. अशी. आता बघ आरशात."

"अगंबाई! आई, हाच घालते मी!"

काय घालणार, हे दोरालिसेला दिसलं नाही. तो डोक्यावरचा जाळीचा पडदा असेल, फुलांचा मुकुट असेल. तिला ऐकू आला तो निळा खडा. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली आणि मडक्याच्या तारेला तिने बोटं लावली. जी गाठ गावात कोणाला सुटत नव्हती ती तिच्या हाताखाली चटकन सुटली. वाळू फडक्यातूनही पोळत होती. तिने खडा चमच्याने उचलला.

खडा पाण्यासारखा होता. रंगाचा मागमूस नाही.

जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट त्या वेळी तिला आठवली नाही. तिला एवढंच कळलं, की इलीदियोच्या खड्याची आपण जाळून काच केली. नीट बघावा म्हणून तिने तो खिडकीपाशी नेला. आमच्याकडचा जून महिना, ऐन थंडीचा, खिडकी उघडी. टिच्, असा आवाज झाला. इरासी लहानपणी जिभेने तसाच आवाज काढायची.

चमच्यात दोन तुकडे झाले होते. कापलेला भाग आरशासारखा गुळगुळीत. आणि मग, ती बघत असतानाच, दोन्ही तुकड्यांत आतून रंग चढू लागला. आधी शंका यावी इतकाच, मग पेरूच्या गरासारखा, मग त्याहून गडद. आजवरच्या तिच्या भाजण्यात इतका चांगला गुलाबी कधी आला नव्हता.

इरासी झगा सावरत दारात आली. "दिंदा, दाखवतेस ना खडा?"

"सापडत नाहीये," दोरालिसे पाठमोरी म्हणाली.

इरासीने चुलीच्या कडेचं उघडं मडकं पाहिलं, पिठाने माखलेली तार पाहिली. "बरं," म्हणाली, आणि गेली.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर झेनाइदेने निळा खडा मुलीच्या गळ्यात घातला. साखळी बारीक, तिची कडी सैल, आणि झेनाइदेची नखं लांब. कडी लागे आणि निसटे. आत ऑर्गन सुरू झाला होता.

"दोरा, तू लाव गं. माझ्याच्याने होत नाही."

दोरालिसे पायऱ्या चढून वर आली. तिने पर्समधून तांब्याची बारीक तार काढली, साखळीच्या दोन टोकांत ओवली आणि इरासीच्या मानेमागे पिळली. इकडून, तिकडून, पुन्हा इकडून. ओनोफ्रे खाली टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती बोटं ओळखली.

"संपलं," ते शेजाऱ्याला म्हणाले. "पोरगी म्हातारी होईपर्यंत हा दगड निघत नाही."

जेवण अंगणात झालं. डुकराचं मांस, घेवडा, पेरूची वडी आणि चीज, उसाची दारू. दुपार कलली तेव्हा नवरानवरीच्या मारियानाला जाणाऱ्या बसची वेळ झाली. इरासीला झगा बदलायचा होता, आणि साखळी झग्याच्या जाळीत अडकून बसलेली. झेनाइदेने केसांची पिन घालून बघितली, मग फळं कापायची सुरी. नवरा जिल्व्हान दात लावायला गेला तेव्हा अंगणभर हशा पिकला. झेनाइदे मात्र हसत नव्हती. "ही काय गाठ म्हणायची?" ती पुटपुटत होती. "माझ्याच मुलीच्या गळ्यात आणि मलाच सुटू नये?"

पाहुणे बाहेर असताना दोरालिसे आत मडकं घासत बसली होती. इरासी झगा उचलून धरत आली आणि ठेंगण्या स्टुलावर तिच्याकडे पाठ करून बसली.

"सोडव."

"वेळ लागेल."

"लागू दे." मग ती म्हणाली, "मुद्दाम केलंस."

"हो."

"आई रडकुंडीला आलीय तिकडे."

"येऊ दे जरा."

इरासीचे खांदे हलले. हसत होती. मग मान न वळवता तिने विचारलं, "काकांचा खडा सापडला का?"

दोरालिसेने एप्रनला हात पुसले. उठून तिने फळीवरून डबा काढला आणि इरासीच्या मांडीवर ठेवला. इरासीने कापूस उलगडला. दोन गुलाबी तुकडे.

"लवकर उघडलंस?" ती गर्रकन वळली. "तू?"

"तुम्ही दोघी हसत होतात," दोरालिसे म्हणाली. "किती हसत होतात."

इरासीने एक तुकडा उजेडात धरला. म्हणाली, "काका काय म्हणाले असते गं?"

"म्हणाले असते, कुलूप करणारीनेच तुरुंग फोडला."

दोघींना एकदमच हसू फुटलं. दोरालिसेचं हसणं मध्येच बिघडलं आणि तिने पदर नव्हता म्हणून एप्रनला डोळे पुसले.

"यातला मोठा माझा," इरासी म्हणाली. "ओनोफ्रेंना सांग, जिथे फुटलाय तिथे घासायचं नाही. तसाच ठेवायचा."

ती पुन्हा पाठ करून बसली. दोरालिसेने तार धरली. बोटं लागताच ती सुटली, आणि निळा खडा घसरून तिच्या तळहातात पडला. अंगाची ऊब होती त्याला. अंगणातून झेनाइदेची हाक आली, "सुटली का गं दोरा?"

दोरालिसेने साखळी एप्रनच्या खिशात टाकली आणि इरासीच्या मानेवर हात ठेवला.

"अजून नाही," ती ओरडली.