दारामागची दांडी

माझ्या मामाला एक वाक्य येतं आणि ते त्याने जन्मभर पुरवून वापरलं आहे: "आपलंच आहे, होईल." लोकांच्या घरचा नळ ठिबकला तर हा भरल्या ताटावरून उठेल, पण आमच्या घरचं काम निघालं की हे वाक्य. तो प्लंबर आहे. स्कूटरच्या डिकीत कायम एक मोठा पाना, म्हणून सगळी वस्ती त्याला पानावाला म्हणते. सख्खा मामा प्लंबर असल्यामुळे आमच्याकडे कधी दुसरा प्लंबर आला नाही, आणि बऱ्याचदा पहिलाही आला नाही.

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. आंघोळ करून उठताना धरायला काहीतरी हवं म्हणून तिने स्वतः दुकानात जाऊन स्टीलची दांडी आणली. भिंतीत भोकं पाडून स्क्रू आवळायचे, एवढंच काम. मामा म्हणाला, "ताई, आपलंच आहे, होईल." दांडी कागदात गुंडाळलेली दारामागे उभी राहिली, ती राहिलीच. मी दुसरा माणूस बोलवायला निघाले की आई अडवायची. "माझा भाऊ मेलाय का?" म्हणायची.

त्याच सुमारास मामाच्या डोक्यात परदेश शिरला. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा नोकरीपायी लांब. ज्यांच्या घरचे पाइप हा बदलायचा, त्यांच्या भिंतींवर प्रवासाचे फोटो असायचे, आणि हा सिंकखाली आडवा पडून ते फोटो बघायचा. एक दिवस लाजत लाजत मला म्हणाला, "नुसतं बघत हिंडायला मला जमायचं नाही गं. हात शिवशिवतात. तिकडे दोन-तीन आठवडे काही काम असेल तर बघ. पैसे नकोत मला. पण खर्च झेपला पाहिजे."

मी मोबाइल घेऊन बसले. स्वयंसेवक हवेत म्हणणाऱ्या संस्था ढिगाने सापडल्या. कासवांची अंडी राखा, मुलांना शिकवा, झाडं लावा. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत फी. त्या फीमध्ये मामाची नवीकोरी स्कूटर आली असती. मामाने चष्मा कपाळावर ढकलला. "म्हणजे राबायचं मी, आणि पैसेही मीच मोजायचे? अगं, हे तर मामालाच मामा बनवतायत!"

मग मला शहाणपण आलं. मधले लोक सोडले आणि मी लहान लहान ठिकाणांना थेट लिहायला लागले. माझा मामा प्लंबर आहे, इंग्रजी तोडकंमोडकं आहे, हात सोन्यासारखा आहे, त्याला खोली आणि जेवण द्या. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी एका वृद्धाश्रमाचं आलं. खोली देऊ, जेवण देऊ, दिवसाला पाच तास काम, तीन आठवडे. व्हिसासाठी पत्र आम्ही पाठवू. तिकीट तेवढं तुमचं, पण हंगाम संपल्यावर आलात तर तेही स्वस्तात पडेल. मामाचे डोळे लकाकले. मी पुढचं मोठ्याने वाचलं, "आमच्या रहिवाशांच्या बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या बसवायच्या आहेत."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मामाने मात्र दारामागे पाहिलं. "जायच्या आधी तुझी बसवतो, ताई," तो म्हणाला. त्या घटकेला त्याच्या मनात ते खरंच होतं, यावर माझा अजून विश्वास आहे.

जायच्या आधी व्हिसा होता, गरम कपडे होते, कुणाची तरी टाकी गळत होती. आदल्या दिवशी भेटायला आला तेव्हा ड्रिल बॅगेत गेलं होतं आणि बॅग वजन करून बांधून झाली होती. "आल्यावर पहिलं काम तुझं," तो खाली बघत म्हणाला.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मी म्हणाले. मला मुळीच दया आली नाही.

आईने माझ्यावरच डोळे वटारले. "तू गप गं. जाऊ दे त्याला. आपलंच आहे, होईल."

ते वाक्य तिच्या तोंडून ऐकल्यावर मामाला चहा जाईना. अर्धा कप तसाच ठेवून तो उठला.

तो गेल्यानंतर चारच दिवसांत आई पुन्हा घसरली. या वेळी बादली धरून सावरली. दुपारी बघते तर तिने जुन्या चादरीची पट्टी फाडून खिडकीच्या गजापासून नळाच्या पाइपापर्यंत ताणून बांधली होती. मी चिडले. म्हणाले, पाइप उखडून येईल एखाद्या दिवशी. तर म्हणते कशी, "तो पाइप तुझ्या मामाने बसवलाय. हलायचा नाही." आणि मला शपथ घातली, की त्याला यातलं काही कळवायचं नाही, उगीच तिकडे त्याचा जीव लागणार नाही.

मामा तिकडून फोटो पाठवायचा. चकचकीत फरशा, त्यावर सरळ रेषेत बसवलेल्या दांड्या. आई ते फोटो शेजारच्या काकूंना दाखवायची, दूधवाल्याला दाखवायची. "माझ्या भावाने बसवल्यात. परदेशात." तिच्या बोलण्यात टोमण्याचा लवलेश नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

एकदा त्याने मला एकटीलाच फोन केला. "इथे एक म्हातारी आहे, आपल्या ताईएवढीच. दांडी बसवून झाल्यावर तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग माझा हात धरून काहीतरी बोलली. मला अक्षर कळलं नाही, पण तिच्याकडे बघवेना गं. ताईची दांडी दारामागे उभी, आणि मी इथे पुण्य कमावतोय." मग त्याने जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी बोलावून घे. आजच बोलाव."

मी आईला निरोप सांगितला. "त्याला सांग, घाई नाही," ती म्हणाली. "परका माणूस बाथरूममध्ये कशाला?"

तो परतला तो स्वतःच्या घरी न जाता सरळ आमच्याकडे. बॅग दारात टाकली, ड्रिल काढलं, दारामागची दांडी उचलली आणि आत गेला. मी ड्रिलच्या आवाजाची वाट बघत होते. आवाज येईना, म्हणून गेले. मामा पट्टी हातात धरून उभा होता.

"हे काय?"

"काही नाही रे, तात्पुरतं," आई माझ्या मागून म्हणाली. "पाइप तू बसवलेला, म्हणून त्यालाच बांधलं."

मामा पालथ्या बादलीवर बसला. "ताई, दुसऱ्याला का नाही बोलावलंस?"

"आणि त्याने बाहेर सांगितलं असतं म्हणजे? पानावाल्याच्या बहिणीच्या घरी दांडी मी बसवून आलो, म्हणून? वस्तीत तोंड दाखवायला जागा राहिली असती का तुला?"

मामा रडायला लागला. हातातल्या ड्रिलसकट, लहान पोरासारखा. त्याला सुनावायचं म्हणून मी तीन आठवडे एकेक वाक्य धार लावून ठेवलं होतं. त्यातलं एकही मला बोलता आलं नाही.

दांडी बसायला अर्धा तासही लागला नाही. आईने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, पक्की आहे म्हणाली. मामाने तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा दांडीवर ओला टॉवेल होता आणि पट्टी होती तिथेच होती. आई ओशाळली. "दांडी छानच आहे रे. पण डोळ्यांत साबण गेला की हात आपोआप पट्टीकडे जातो. सवय झाली बघ."

मामाने खिशातून पक्कड काढली. मला वाटलं, आता तोडणार. त्याने ती पुन्हा खिशात घातली.

आता तो दर आठवड्याला येतो, कुणाचाही नळ फुटलेला असो, आधी आमच्याकडे. टॉवेल बाजूला सारून दांडी हलवून बघतो. ती हलत नाही. मग चादरीच्या पट्टीची गाठ सोडतो आणि पुन्हा घट्ट बांधतो.