हिल्काची रजा

हिल्का त्या शनिवारी उठली तीच धास्ती घेऊन. तीसेक दुभत्या गाई दुसऱ्याच्या हवाली करायच्या आणि आपण भरदिवसा, लोकांच्या देखत पोहायला जायचं, असलं काम तिच्या माहेरी किंवा सासरी आजवर कुणी केलं नव्हतं. तिच्या आईनं गोठ्यातनं सुटी घेतली ती थेट मरतानाच.

बदलीचा गडी ताइस्तो पहाटेच आला होता. आमच्या सावो प्रांतात ज्याच्या दावणीला दुभती जनावरं, त्याला सरकार वर्षातनं काही दिवस असा गडी देतं. फिनलंडात बाकी सगळे आपले ते दिवस मोजून घेतात. हिल्कानं मात्र दोन बाळंतपणं, सासूचं मयत आणि एक दाढ एवढ्यावरच भागवलं होतं. उरलेले दिवस दर साली वायाच जायचे.

"ती कोपऱ्यातली हेलूना हाय न्हवं," हिल्का सांगत होती, "ती डाव्या पायानं झाडती. तिला आधी बोलायचं, मग हात लावायचा. आन् ही ओमेना आजउद्या व्यायची. तिच्याजवळनं हलू नका."

"मालकीण, हे तुम्ही आता तिसऱ्यांदा सांगितलं."

"आणि दुधाच्या टाकीचं झाकण..."

"तुम्ही जाताय, का मीच घरी जाऊ?" ताइस्तोनं बादली खाली ठेवली. साठीला टेकलेला गडी, निम्म्या तालुक्याच्या गाई त्याच्या हाताखालनं गेलेल्या. हिल्कानं तरी जाता जाता झाकण एकदा दाबून बघितलं.

गाईंपेक्षा तिचा जीव अडकला होता तो सासऱ्यात. ओस्कारीआबांना साखरेचा आजार. रोज अकराच्या सुमाराला गावची नर्स येऊन सुई टोचायची आणि समोर बसून जेवू घालायची. जेवू घालणं सुईपेक्षा गरजेचं होतं. कारण पोटात कावळे ओरडायला लागले की आबा स्वतःच चूल पेटवायला उठायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांनी लाकडं धडधडून पेटवली आणि निखारे लाल असतानाच धुराड्याची झडप लावून टाकली. निखाऱ्यांचा तो विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. हिल्का नेमकी दुधाची चरवी ठेवायला आत आली म्हणून म्हातारा वाचला. तेव्हापासून ती घर सोडायची तर आबांना गाडीत घालूनच. दुकानात आबा, बँकेत आबा, तिच्या केस कापायच्या खुर्चीशेजारीही आबाच.

पोरं शिकायला शहरात, नवरा वोइत्तो उत्तरेला लाकूडतोडीच्या मशीनवर. पंधरा दिवसांनी यायचा, मळके कपडे टाकायचा आणि झोपायचा.

वसंतात डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब मोजला आणि तोंड वाकडं केलं. "स्वतःसाठी काय करता तुम्ही?" हिल्काला प्रश्नच कळला नाही. बराच विचार करून म्हणाली, "कॉफी पिते की."

पण तो प्रश्न कुसळासारखा रुतून बसला. लग्नाआधी ती तळ्यात मासोळीगत पोहायची. दर जुलैला गावची मंडळी चर्चच्या धक्क्यावरनं पलीकडच्या काठापर्यंत पोहत जातात, प्रत्येकामागं आपापली होडी. लग्न झाल्यापासून हिल्का त्या पलीकडच्या काठाला उभी असायची, कॉफीची किटली घेऊन. ओलेकंच लोक धापा टाकत यायचे, ती पेले भरायची. एवढ्या वर्षांत तिच्या मनात एकच यायचं, हे मी यांच्यापेक्षा बरं पोहेन.

मग जूनपासनं संध्याकाळचं दूध काढलं की ती सतरंज्या धुवायला तळ्यावर जायला लागली. आबांना गोधडीत गुंडाळून धक्क्यावर बसवायचं, सतरंजीवर पाइनच्या डांबराचा साबण फासायचा, ब्रश दोनदा फिरवायचा आणि पाण्यात उडी. आबा ओरडायचे, "अगं, सतरंजी इकडं राहिली, तू कुठं चाललीस?" शेजारची केर्त्तू एकदा म्हणालीच, "हिल्के, तुझ्या सतरंज्यांचे रंग गेले, आता दोरे जातील. काय चाललंय तुझं?" सांगावं लागलं. केर्त्तू पोट धरून हसली आणि म्हणाली, "होडी मी वल्हवणार. दुसऱ्या कुणाला वल्हवायला सांगितलंस तर पाण्यात बुडवीन."

तर असा तो शनिवार. आबांना सकाळची लापशी देऊन तिनं निजवलं. नर्सबाईला वेळेवर या म्हणून आदल्या दिवशी फोन करून झाला होता. चूल विझवली, राख हातानं चाचपली, काडेपेटी उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली. दार ओढलं आणि निघाली. गाडी फाट्यावर लागेस्तोवर तिला वाटत राहिलं, काहीतरी चुकलंय. पण तिला तसं रोजच वाटायचं.

धक्क्यावर पंचवीसेक जण. तरणी पोरं अंगाला तेल लावून उड्या मारत होती. पाद्रीबाबा आपलं ढेरपोट घेऊन देवाचं नाव घेत पाण्यात पाय बुडवून बघत होते. हिल्काचा पोहायचा जुना पोशाख मांड्यांत काचत होता.

"कशी पांढरीफटक पडलीस गं!" केर्त्तू होडीतनं म्हणाली.

"आबांना जाग आली असंल का?"

"आली तर आली. नर्स येतीय न्हवं? उतर आता. आणि ध्यानात ठेव, होडीला हात लागला की संपलं. नाव कटलं."

पाणी गार होतं, छातीवर चिमटे काढल्यागत. शंभरेक हात मारल्यावर अंग सुटलं. तिच्या कानात पाण्याचा आवाज, आणि मागं केर्त्तूच्या वल्ह्यांचा. किती वर्षांनी तिच्याकडं कुणी काही मागत नव्हतं. तेच तिला सोसवेना. डोकं आपलं काम शोधायला लागलं. टाकीचं झाकण. हेलूनाचा पाय. ओमेनाचं वासरू आडवं असलं तर?

तळ्याच्या मध्यावर एक बेट आहे. त्यावर हेलसिंकीच्या कुणा माणसाचं उन्हाळ्याचं घर. हिल्का बेटाला वळसा घालत होती. श्वास घ्यायला मान वळवली आणि त्या घराचं दार दिसलं. दाराला खराटा टेकवलेला. घरी कुणी नाही, माघारी फिरा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडं कुलूप कोण लावतंय? खराटा टेकवला की झालं, आलेला माणूस दाराला हातही लावत नाही.

हिल्काच्या तोंडात पाणी गेलं. ती खोकली, बुडाली, वर आली.

"केर्त्तू! खराटा!"

"काय?"

"मी दाराला खराटा लावून आले! आबा आत हाईत!"

हाताची सवय. रोज निघताना आबा गाडीत बसलेले, ती दार ओढणार, खराटा टेकवणार. आजही हातानं आपलं काम केलं होतं. एव्हाना अकरा वाजून गेले, नर्स आली असणार. खराटा बघून तिनं समजलं असणार की सुनेचं पोहणं बघायला म्हाताऱ्याला नेलंय. निम्मं गाव तर काठावरच होतं. ती गेली असणार. आणि आबा उठले असणार, उपाशी.

"काडेपेटी तुझ्या पिशवीत हाय न्हवं?" केर्त्तूनं वल्ही सोडली.

"माळ्यावर पुडकं हाय अख्खं! त्यांला ठावं हाय!"

केर्त्तूनं फोन काढला. घरी घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. ताइस्तोला लावला. तोही उचलेना. त्याचा फोन गोठ्याबाहेर सदऱ्याच्या खिशात लटकत असणार. नर्सबाईचा लागतच नव्हता. हिल्का पाण्यात पाय मारत होडीकडं बघत होती.

केर्त्तूनं आपल्या नवऱ्याला लावला. रेइनो हिल्काच्या घराशेजारच्या रानात गवत उलटत होता. "रेइनो, हिल्काच्या घरी जा. आत्ताच्या आत्ता. म्हातारा एकटा हाय, चूल पेटवंल... ट्रॅक्टरनं? ट्रॅक्टर पळतोय व्हय रे? मग तू पळ की! पोट हाय म्हणून काय झालं!"

फोन ठेवला.

हिल्कानं हात वर केला. होडीची कड वीतभर लांब.

"मी वर येते."

"ये," केर्त्तू म्हणाली. "आणि वर येऊन काय करणार?"

"घरी जाणार."

"रेइनो तुझ्या आधी पोचंल. तुझी गाडी मागं धक्क्याला, आपण मधोमध. होडीत बसलीस तरी काठाला लागायला वेळ लागणारच. बसून नुसती रडणार तू. रड, मी न्हाई म्हणत न्हाई."

"तिकडं म्हातारा गुदमरतोय आणि सून पोहतीय! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते म्हणतील. हात ठेवायचा तर ठेव, न्हाईतर काढ. माझी वल्ही खोळंबलीत."

हात हवेत राहिला. या हातानं आजवर दुसऱ्याच्या कामाला कधी नाही म्हटलं नव्हतं. होडीला लागला असता तर सगळ्यांनी तिला शहाणी म्हटलं असतं, आणि ती पुन्हा जन्मभर किटली घेऊन उभी राहिली असती, हेही तिला त्या घटकेला लख्ख कळत होतं. पण आबा गेले तर मग कसलं पोहणं नि कसलं काय? दोन्ही खरंच होतं. तिनं हात पाण्यात घातला आणि पलीकडच्या काठाकडं तोंड केलं.

त्यानंतरचं पोहणं पोहणं नव्हतंच. हात मारत होती आणि डोळ्यांपुढं चुलीची झडप. उघडी, बंद, उघडी, बंद. मध्येच केर्त्तूला ओरडायची, "वाजला का?" केर्त्तू म्हणायची, "न्हाई." पुन्हा दहा-वीस हात. "वाजला का?" "वाजला की सांगीन गं भवाने, पोह!" पायात गोळे आले. एकदा तिला वाटलं, आपणच मेलो तर बरं, निदान तोंड दाखवायला नको.

फोन वाजला तेव्हा तिचे कान पाण्याखाली होते. वर आली तर केर्त्तू बोलत होती, पाठ फिरवून. हिल्कानं हात थांबवले. केर्त्तूची पाठ तेवढी दिसत होती. पाठीवरनं काही कळत नाही.

केर्त्तू वळली. "जिता हाय! शिव्या घालतोय! रेइनोला म्हणतोय, मी जिता असताना घराला खराटा लावला, मला मेलेला समजले का!"

"चूल?"

"थंड हाय. भूक लागली म्हणून दार ढकललं, खराटा पडला, तोच टेकत गोठ्याकडं गेला. आता तिथं बसून ताइस्तोला शिकवतोय. तुझी ओमेना अजून तशीच उभी. नर्स माघारी येतीय सुई घेऊन. चल, आटप."

हिल्का पाण्यातच रडली. तिथं कुणाला कळत नाही. मग पोहली.

काठावर बायांनी टाळ्या पिटल्या, कुणी हातात पेला दिला. तिनं कॉफी अर्धी सांडली. तेव्हा केर्त्तू होडी ओढता ओढता खालच्या आवाजात म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. गोठ्याच्या वाटेवर म्हातारा घसरला. मनगट सुजलंय. रेइनो घेऊन गेलाय आरोग्य केंद्रात."

"आणि तू मघाशी..."

"मघाशी सांगितलं असतं तर तू बुडाली असतीस."

हिल्का ओल्या पोशाखावरच कोट चढवून केर्त्तूच्या जावेच्या गाडीत बसली. वाटेत वोइत्तोचा फोन. रेइनोनं त्याला कळवलं होतं. "सुटी घेतलीस की हे असं हुतंय," तो म्हणाला. खोटं थोडंच बोलत होता? मनगट सुजलं होतं ते तिच्याच खराट्यापायी. पण तो तिकडं पंधरा पंधरा दिवस असतो तेव्हा दार कोण सांभाळतंय ते कुणी मोजत नाही, हे तिच्या ओठावर आलं आणि तिथंच थिजलं.

आबा बाकावर बसले होते, हाताला कोरं प्लास्टर. मनगटाला चीर गेली होती. हिल्का समोर उभी राहिली. केसांतनं पाणी गळत होतं.

"आबा, चुकले मी."

म्हाताऱ्यानं तिला खालनं वर बघितलं. "कितवी आलीस?"

"शेवटनं दुसरी."

"मागं कोण हुतं?"

"पाद्रीबाबा."

आबांच्या नाकातनं एक आवाज निघाला. हसू होतं का कळ आली, सांगता येत नाही. "दुखतंय गं लई," ते म्हणाले. ती शेजारी बसली आणि त्यांचा चांगला हात धरून राहिली.

संध्याकाळी ताइस्तोचं काम उरकलं. तो अंगणात टोपी हातात घेऊन उभा राहिला. पुढच्या शनिवारचा दिवसही हिल्कानं रजेसाठी मागेच मागून ठेवला होता. काही करायला नव्हे, नुसता आपल्यासाठी.

"त्याचं काय करू, मालकीण? रद्द सांगू का?"

व्हय म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. आत आबा प्लास्टरच्या हातानं चमचा धरायला बघत होते आणि चमचा खाली पडल्याचा आवाज आला.

"या," हिल्का म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "या तुम्ही. आबांजवळ कुणाला बसवायचं ते मी बघते." आणि चमचा उचलायला आत गेली.